ठळक घडामोडी, सात-दहाच्या बसपर्यंत

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

सरत्या वर्षाच्या ठळक घडामोडींचं आपलं पान रविवारी आमच्या घरी मोठ्याने वाचलं गेलं. बाबा वाचत होते, आई नारळ किसत होती, आजी ऐकत होती. जिल्हा पंचायतीच्या निवडणुका झाल्या, इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला, मे महिन्यातच कोसळलेला पाऊस झाला आणि पान संपलं. आजीने विचारलं, "आनी आमच्या चेडवाचें?" म्हणजे, आमच्या मुलीचं काय? मी म्हटलं, आजी, माझं पेपरात कशाला येईल? "बरोवन धाड मगे," मग लिहून पाठव, ती म्हणाली आणि पानाची चंची उघडून बसली.

म्हणून लिहिते आहे. पत्र लांबणार याची मला कल्पना आहे. आपण कात्री चालवालच, ती जरूर चालवा, फक्त बसचा मजकूर कापू नका. बाकी सगळं त्याच्यासाठीच आहे.

मी सत्तरी तालुक्यातली. वाळपईच्या पुढे नऊ किलोमीटरवर, म्हादईच्या काठाला आमचा गाव. गोवा विद्यापीठात एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचा मराठी विभाग ज्या महाशाळेत येतो तिचं नाव शणै गोंयबाब भाषा आणि साहित्य महाशाळा. शेजारच्या डिचोलीत १८७७ साली जन्मलेल्या ज्या माणसाने हयातभर कोंकणीची बाजू लढवली, त्यांच्या नावाखालून मी रोज मराठीच्या वर्गात जाते. पहिल्या वर्षी याचं हसू यायचं. यंदा हसू का येत नाही ते पुढे सांगते.

आधी वेळापत्रक. पहाटे पावणेसहाला गावातून बस. वाळपईहून दुसरी, ती होंडा, साखळी, आमोणा, माशेल, बाणस्तारी, जुने गोवे करत पणजीला. तिथून तिसरी, ताळगावच्या पठारावर. संध्याकाळी हेच उलटं. ज्या दिवशी शेवटचा तास असतो त्या दिवशी तो साडेचारला सुटतो, धावतपळत पणजीची सव्वापाचची मिळते, आणि ती वाळपईला सात वाजून पंधरा, कधी वीस मिनिटांनी पोचते. आमच्या गावाची शेवटची बस वाळपईहून सुटते सात वाजून दहा मिनिटांनी.

पाच ते दहा मिनिटं, एवढीच गोष्ट आहे. बस चुकली की मी वहीच्या शेवटच्या पानावर एक उभी रेघ मारते. जानेवारीपासून आजपर्यंत एकेचाळीस रेघा झाल्या. एकेचाळीस वेळा बाबा स्कूटर घेऊन आले. आमच्या रस्त्यावर गवे असतात. रात्री गव्याचं अंग दिसत नाही, नुसते दोन डोळे दिसतात, तेही त्याने मान वळवली तर. बाबा हॉर्न वाजवत नाहीत. इंजिन बंद करून उभे राहतात आणि तो आपसूक बाजूला होईपर्यंत मला विचारतात, आज काय शिकवलं? एकेका संध्याकाळी मी अंधारात, गव्यासमोर, बाबांना साहित्यशास्त्र सांगितलेलं आहे.

आता घडामोडी.

वर्षाची सुरुवात सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, दर्शनापासून झाली. सासष्टीची एक मुलगी आमच्या महाशाळेतच कोंकणी शिकते, आमची दोघींची गट्टी आहे. ५ जानेवारीला जुन्या गोव्यातल्या शवप्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता, ती मला घेऊन गेली. दहा वर्षांनी एकदा येणारी गोष्ट. रांगेत पुढे एक कुंकू लावलेली बाई, मागे माळ ओढणारे एक आजोबा, आणि दोघांच्याही तोंडी 'गोंयचो सायब'. परतताना गर्दीत बस चुकली. वहीतली पहिली रेघ तीच.

पण वर्षाची खरी घडामोड फेब्रुवारीतली. माघात आमच्या ग्रामदेवतेची जत्रा असते आणि जत्रेला पालखी फिरून आली की मध्यरात्रीनंतर मराठी नाटक. गोव्याबाहेरच्या वाचकांना हे सांगावं लागतं. आमच्या गावांत नाटक बघायला कुणी थिएटरात जात नाही, नाटक देवळासमोर येतं. राजा होतो तो वीज खात्यातला लाईनमन. सेनापती दुकानदार, वजीर पंचायतीचा क्लार्क. पडदे, पोशाख आणि मेकअपवाला भाड्याने. स्त्री पात्रं बाहेरून, बहुतेक फोंड्याकडून, आणि त्या बाया पट्टीच्या. एक तालीम करून थेट रंगमंचावर उभ्या राहतात आणि आमच्या राजालाही सांभाळून घेतात. बाकी सगळं गावचं. दीड-दोन महिने रात्री नऊनंतर सभामंडपात तालीम.

या नाटकाला गेली कित्येक वर्षं एक निवृत्त मास्तर प्रॉम्प्टिंग करायचे, म्हणजे विंगेतून अडलेल्या नटाला शब्द द्यायचे. डिसेंबरात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. वही वाचणारं दुसरं कोण? कुणीतरी म्हणालं, ती मराठीत एम.ए. करते ना, तिला बसवा. यावर सभामंडपात थोडी शांतता पसरली, कारण आमच्या गावात बाईमाणूस प्रॉम्प्टिंगला कधी बसलेलं नव्हतं. मग लाईनमन काका म्हणाले, "माझ्यान पाठ जायना. कोणूय बसूं दे, पूण बसूं दे." राजाज्ञाच ती. मी बसले.

मला वाटायचं प्रॉम्प्टिंग म्हणजे वाचणं. मास्तरांनी डोळ्याला हिरवी पट्टी असतानाच मला तीन रात्री शिकवलं. पहिली गोष्ट, वाक्य पुरं द्यायचं नाही. सुरुवातीचे दोन शब्द द्यायचे, ते लागले की माणूस आपण चालतो. दुसरी, पूर्वी माईक नव्हते तेव्हा प्रॉम्प्टर मोठ्याने बोलायचा. आता वर टांगलेला माईक कुजबुजही पकडतो, तेव्हा माईकच्या खालून बोलायचं, म्हणजे मान खाली घालून, ओठ वहीला लावून. तिसरी सगळ्यांत अवघड. नट थांबला की तो विसरलाय की अभिनय करतोय, हे कसं ओळखायचं? मास्तर म्हणाले, तोंडाकडे बघू नको, पायांकडे बघ. विसरलेल्या माणसाचे पाय चुळबुळतात.

त्या रात्री मी पहिल्या विंगेत पत्र्याची टोपी घातलेल्या बल्बखाली साडेचार तास पाय बघत बसले. लाईनमन काकांच्या पायांत मोजड्या होत्या, एक नंबर लहान. त्यामुळे त्यांचे पाय कायमच चुळबुळत होते. पहिल्या अंकात मी त्यांना निष्कारण सात वेळा शब्द दिले. शेवटी एकदा ते विंगेकडे आले, प्रेक्षकांकडे पाठ केली आणि म्हणाले, "गो, म्हाका याद आसा, पांय दुखता."

तिसऱ्या अंकात राजा कैद होतो आणि एक मोठं स्वगत आहे. त्याच्या अर्ध्यावर मंडपाचा फ्यूज गेला. काळोख. मुलं ओरडायला लागली. मी वहीवर हात ठेवून बसून राहिले, पान उडू नये म्हणून. बॅटऱ्या लागल्या तेव्हा दिसलं ते हे: हातात साखळदंड, डोक्यावर मुकुट, आणि महाराज खांबाकडे धावताहेत. त्यांनी साखळदंड काढले नाहीत, वेळ नव्हता. फ्यूजची तार बसवली, उजेड आला, अख्खा गाव टाळ्या वाजवायला लागला. ते धापा टाकत जागेवर येऊन उभे राहिले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. आता पाय हलत नव्हते, पण मला कळलं. मी दोन शब्द दिले. पुढचं स्वगत त्यांनी असं म्हटलं की आमची आजी पदर डोळ्याला लावून बसली होती. ती कशाने रडली, स्वगताने की साखळदंडांनिशी खांबाशी उभ्या राहिलेल्या माणसाने, ते अजून सांगत नाही.

पहाटे नाटक संपल्यावर मी वही बंद करायच्या आधी सहज मागची पानं चाळली. पातळ पुठ्ठ्याची, शिवलेली वही. कुणीतरी फार सुंदर अक्षरात अख्खं नाटक शाईने उतरवून काढलेलं. आणि समासात, ओळींच्या मधे, वर, खाली, पेन्सिलीच्या खुणा. वेगवेगळ्या हातांच्या, वेगवेगळ्या सालांच्या. 'हांगा राव' म्हणजे इथे थांब. 'ताळयो पडटात' म्हणजे टाळ्या पडतात, पुढचं वाक्य घाईने देऊ नको. एका ठिकाणी १९८३ असा आकडा आणि 'नटी पावली ना, पद आनीक एक म्हणचें', नटी पोचलेली नाही, तोवर आणखी एक पद म्हणा. एका पानावर 'पावस', बाकी काही नाही. एका करुण प्रवेशाशेजारी फक्त 'हो खऱ्यांनीच रडटा', हा खरोखरच रडतो.

संपादक महाशय, त्या पहाटे मंडपातल्या खुर्च्या गोळा होत असताना माझ्या लक्षात आलं की शाईतलं सगळं मराठी आहे आणि पेन्सिलीतलं सगळं कोंकणी.

आमच्या घराचं हेच आहे. भांडण कोंकणीत, आरती मराठीत. आजी बोलते ते कोंकणी, आजोबा पत्र लिहायचे ते मराठी. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या सुमारे ६६ टक्के लोकांची मातृभाषा कोंकणी आणि सुमारे ११ टक्के लोकांची मराठी नोंदली गेली. आकडे बरोबरच असतील. पण आमच्या लाईनमन काकांना कुठल्या रकान्यात घालणार? रंगमंचावर तीन अंक अस्खलित मराठी आणि विंगेत येऊन "पांय दुखता". या भांडणात मला पडायचं नाही, मोठमोठी माणसं त्यात पडून आहेत. मी फक्त एका पानावर दोन भाषा शेजारी नांदताना बघितल्या. शणै गोंयबाबांच्या नावाखालून वर्गात जाताना आता हसू येत नाही ते यामुळे.

त्यानंतर पंधरा दिवसांत दिल्लीला ९८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. १९५४ नंतर पहिल्यांदाच दिल्लीत. अध्यक्ष डॉ. तारा भवाळकर, लोकसंस्कृती आणि लोकरंगभूमीच्या अभ्यासक. अध्यक्षीय भाषण मी बसमध्ये फोनवर ऐकलं, रेंज येईल तसं. रेंज गेली की मी वाकून मागच्या पिशवीतली वही चाचपून बघायची. ओव्या, खेळ, जात्यावरची गाणी यांचा अभ्यास करणाऱ्या बाई त्या व्यासपीठावर उभ्या असतील तर प्रॉम्प्टरच्या पेन्सिलीवर प्रबंधिका लिहायला काय हरकत आहे, असं मला माशेलच्या आसपास वाटलं. माझा आधीचा विषय वेगळा होता. तो चांगलाही होता, पण मला त्यात झोप यायची. मार्गदर्शक मॅडमना वही दाखवली. त्यांनी पंधरा मिनिटं काही न बोलता पानं उलटली आणि विचारलं, अशा आणखी किती असतील?

हा प्रश्न घेऊन मी वर्ष काढलं.

एप्रिल परीक्षांत गेला. मेमध्ये पाऊस आला तो असा की आमचं सगळं पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भिजलं. यंदा २४ मेला मान्सून केरळात पोचला, म्हणजे नेहमीपेक्षा आठवडाभर आधी, आणि लगेच आमच्याकडे. आईची सोलं अंगणात, आजीचे पापड खाटेवर, लाकडं उघड्यावर. आमच्या भागात अर्ध्या घरांची कौलं परतायची राहिलेली. त्यातलं एक घर होतं शेजारच्या गावातल्या एका जुन्या नटाचं. त्यांच्याकडे दोन वह्या आहेत असं कळलं होतं, सुट्टीत जाईन म्हणून मी ठेवून दिलं होतं. गेले तोवर माळ्यावर पाणी झिरपून वह्यांचा लगदा झालेला. एक फेकलीच. दुसरी त्यांच्या सुनेने चुलीच्या वर वाळत घातली होती. उघडून बघितली तर शाई पार धुऊन गेलेली, पानभर निळा डाग, आणि त्या निळ्यावर पेन्सिलीच्या खुणा जशाच्या तशा. पेन्सिलीला पाणी लागत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण असं बघितलं नव्हतं. नाटकाचं मराठी वाहून गेलं होतं आणि 'हांगा राव' तेवढं राहिलं होतं. (यातून कुणी राजकीय अर्थ काढू नये. नाटक छापील मिळतं, मी आणून दिलं.)

त्याच महिन्यात, ३० मेला, घटकराज्य दिनी, गोवा संपूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला. बाबांनी पेपर वाचून दाखवला. आजीला सही येत नाही, अंगठा करते. तिने विचारलं, "मगे हांव गोंयांत ना?" मग मी गोव्यात नाही का, याचं कुणाकडे उत्तर नव्हतं. रात्री तिने मला धालोची आठ गाणी म्हणून दाखवली, एकही कडवं न चुकता. बहुधा पुरावा म्हणून. पौषात मांडावर, म्हणजे धालोच्या अंगणात, बायकांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात आणि रात्ररात्र गाणं चालतं, तिथे मी जानेवारीत रेकॉर्डिंगसाठी फोन काढला होता तेव्हा याच आजीने तो कंबरेला खोचून टाकला होता, मांड सुटेपर्यंत दिला नाही. आता स्वतःहून म्हणाली, घे भरून.

पावसाळ्यात पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बसले. १८३२ पासूनची संस्था, आणि मला तिच्याबद्दल एकच सांगायचं आहे: तिथे दिवसभर बसलं तरी कुणी काही विकत घ्यायला सांगत नाही. पणजीत अशी जागा दुसरी शोधून दाखवा. मोडीचा एक वर्गही केला, पंधरा शनिवार. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची, हात न उचलता. वेलांटी सहसा दीर्घच, उकार ऱ्हस्वच. ज्या मुलीचे बारावीपर्यंत शुद्धलेखनात गुण गेले तिला ही लिपी माहेरासारखी वाटली. शिकले ती एका देवस्थानच्या जुन्या जमाखर्चासाठी. त्यात नाटकाचा खर्च असेल अशी आशा होती, आणि होता: तेल, वाती, पडद्याची धुलाई. प्रॉम्प्टरला मिळाले ते दोन नारळ. मला यंदा शाल आणि तीन नारळ मिळाले, म्हणजे प्रगती आहे.

चवथ २७ ऑगस्टला. माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांसाठी, बाबांबरोबर रानात गेले. घागऱ्यो, कवंडळां, आंबाडे, तोरिंगां, नागलकुडे. यातल्या बऱ्याच नावांना माझ्याकडच्या शब्दकोशात जागा नाही. घरी पाच दिवस गणपती, फुगड्या घालून गुडघे गेले. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, चवथ कशी असते ते आपल्या सगळ्या वाचकांना ठाऊक आहे.

खरी शोधाशोध सप्टेंबरपासून. आणि इथे बस येते.

वह्या ज्यांच्याकडे आहेत ती माणसं कोण? कुणी खाणीवर ट्रक चालवायचे, कुणी पिसुर्ल्याकडच्या कारखान्यात आहेत, कुणी बागायतीत. दिवसा गेलं तर घरी सुना असतात. त्या चहा देतात आणि म्हणतात, "ताणें येवंक जाय, पेट ताचीच," तो यायला हवा, पेटी त्याची आहे. तो येतो सातनंतर. आंघोळ करतो, देवाला दिवा लागतो, मग कुठे माळ्यावरची पेटी खाली येते. मी तोवर बसथांब्यावर उभी असायला हवी, नाहीतर बाबांना स्कूटर काढावी लागते, तीही आपल्या गावाकडे नव्हे, तिसऱ्याच दिशेला. अकरा वह्या मिळाल्या आहेत. त्यातल्या आठ रविवारी, एक बाबांच्या ओळखीने, आणि दोन अशा संध्याकाळी की ज्यांची रेघ वहीत आहे. ठावठिकाणा कळलेल्या पण न बघितलेल्या आणखी सहा आहेत. त्यातली एक दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेली, हे मला नरकासुर जाळल्याच्या दुसऱ्या दिवशी कळलं. तिथे मी ऑक्टोबरात दोनदा गेले होते. दोन्ही वेळा चहा घेऊन परतले.

इफ्फीचंही सांगते, कारण विद्यार्थ्यांना पास मिळतो आणि मी तो घेतला होता. २० ते २८ नोव्हेंबर, यंदाचा ५६ वा. चार दिवसांत सात सिनेमे बघितले. प्रामाणिकपणे सांगायचं तर पाच पूर्ण आणि दोन पाऊणेक. दुपारी तीनचा खेळ पावणेपाचपर्यंत चालला की मला पडद्यावरचा शेवट आणि स्टँडवरची सव्वापाचची यातलं एक निवडावं लागायचं. एका सिनेमात म्हातारा घर सोडून निघालेला मी बघितला. तो कुठे पोचला, मैत्रिणीने दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिच्या सांगण्यात तो फार लवकर पोचला, असं मला वाटलं.

त्याच मैत्रिणीने एका रात्री ताळगावच्या आपल्या खोलीवर ठेवून घेतलं म्हणून मला कला अकादमीत मराठी नाट्यस्पर्धेतला एक प्रयोग मात्र शेवटपर्यंत बघता आला. ती शेजारी बसून मला विचारत होती, प्रॉम्प्टर कुठे बसतो? मी म्हटलं, इथे नसतो, यांचं पाठ असतं. तिचे मामा तियात्रात, म्हणजे कोंकणी संगीत नाटकात, काम करतात. ती म्हणाली, तियात्रात मधे कांतारं, म्हणजे गाणी, असतात, तेवढ्यात विसरलेलं आठवून घेता येतं. मग आम्ही दोघी रात्री एक वाजेपर्यंत बोलत बसलो. तिची कोंकणी रोमी लिपीत, माझी कोंकणी मराठी वहीच्या समासात. डिसेंबरातल्या सेमिनारला माझ्या अकरा वह्यांतल्या पेन्सिलीच्या खुणांची यादी तिनेच तपासून दिली. बार्देसकडचा एक शब्द मी सहा ठिकाणी चुकीचा वाचला होता. विभागातल्या एका सरांनी सेमिनार संपल्यावर विचारलं, की हे मराठीचं काम आहे की कोंकणीचं? मॅडम म्हणाल्या, समासाचं. गुण बरे आहेत.

आता मागणी.

बसवाल्याचा दोष नाही, हे आधी लिहिते, कारण तो आमच्याच गावात झोपतो. दिवसभर नऊ किलोमीटरचा तोच रस्ता मोजतो आणि पहाटे पावणेसहाला पुन्हा उभा असतो. त्याला मी विचारलं आहे. तो म्हणतो, मला वेळ लिहून मिळाली आहे ती सात-दहा, अर्धा तास थांबलो तर मागचा तक्रार करतो. वेळ बदलून देणाऱ्या कार्यालयात मी दोन अर्ज दिले. पहिल्याची पोच आहे. दुसऱ्याच्या वेळी पोचेचा शिक्का टेबलावर नव्हता. आम्हाला नवी बस नको, जादा फेरी नको. आहे तीच गाडी सात-दहाऐवजी सात-पस्तीसला सुटावी, म्हणजे पणजीहून सव्वापाचला निघालेलं माणूस तिच्यात बसेल. मी एकटी नाही. बांबोळीच्या हॉस्पिटलातून सुटणाऱ्या एक सिस्टर आहेत, पणजीत दुकानात काम करणाऱ्या तिघीजणी आहेत, साखळीला कॉलेजात जाणारी मुलं आहेत. आम्ही सगळे त्या सव्वापाचच्या बसने येऊन वाळपईच्या स्टँडवर उतरतो तेव्हा बसचे मागचे दिवे वळणावर दिसतात. दिसतात, हे जास्त लागतं. अर्धा तास आधी गेली असती तर इतकं लागलं नसतं.

येत्या शनिवारी, ३ तारखेला, पौषाची पुनव आहे. आमच्याकडे धालो सुरू होतील आणि आजी म्हणते यंदा मला रांगेत उभं करणार. मांड घरापासून चालत चार मिनिटांवर आहे. माघातल्या नाटकाची तालीमही लागली आहे. मास्तरांचा डोळा आता बरा आहे, तरी त्यांनी वही माझ्याकडेच ठेवली. तिसऱ्या अंकातल्या स्वगताशेजारी मी पेन्सिलीने '२०२५, फ्यूज' असं लिहून ठेवलं आहे. लाईनमन काकांनी या वेळी मोजड्या स्वतः विकत घेतल्या, मापाच्या.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सत्तरीतली एक वाचक
३० डिसेंबर २०२५

ता. क. – आज ग्रंथालयात गेले होते. शेवटचा मजकूर वाळपईच्या स्टँडवर फोनवर टाईप करते आहे. सात वाजून सोळा मिनिटं झाली. वरती एकेचाळीस लिहिलं आहे ते कृपया बेचाळीस करावं. बाबा निघाले आहेत.